घोड्यावरचा कोण?

सोलापूर, आश्विन वद्य २, शके १८५५

धुळा,

तुझ्या अक्काचा तुला आशीर्वाद आहे आणि रागही आहे. दोन्ही एकाच पाकिटात घालते, तेवढंच एक तिकीट वाचतं.

दसऱ्याला गुंडाकाका गावाहून आले होते. काकांचं तुला माहीत आहे. घरात आले की आधी देव्हाऱ्यापुढं बसणार आणि मग चहा मागणार. या वेळी बसले ते उठेनातच. खंडोबाचा टाक हातात घेतला, उजेडाला धरला, पालथा केला, सुलटा केला आणि आण्णांना म्हणाले, "बिरप्पा, देव झिजला की रं. घोडा दिसतोय, पर वरचा मल्हारी कुटं हाय? असा देव पुजू नये. चंपाषष्ठीच्या आत सोनाराकडं दिऊ, आटवू, थोडी चांदी घालू आणि नवा टाक पाडून घिऊ."

आण्णा काहीच बोलले नाहीत. आपल्याकडं गप्प बसलेल्या माणसाचा होकारच धरतात. ठरलं म्हणे.

हा तोच टाक, ज्याच्यापायी तू सात वर्षं या घराची पायरी चढला नाहीस. कॉलेजात असताना कुणाला न विचारता खिशात घालून पुण्याला नेलास. घेऊन परत आलास तो चंपाषष्ठीच्या दिवशी. तळी भरलेली, पाच जणांनी ताम्हनाला हात लावलेला, आणि तू भावकीच्या तोंडावर सांगितलंस की हा देवच नव्हे, रोमच्या कुठल्या राजाचा पैसा आहे. अरे, आरती होईपर्यंत तरी दम धरायचास! आण्णा म्हणाले, "ज्याला हितं देव दिसत न्हाय त्यानं हितं ऱ्हाऊ नये." तूही काय कमी? लगेच ट्रंक उचललीस. मी मध्ये उभी होते, माझ्या हातात रोडग्यांची परात होती, आणि तुमच्यापैकी एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही.

असो. आता तू मद्रासला म्युझियमात असली नाणी ओळखायचाच पगार घेतोस. म्हणून सोबत ठसा पाठवते. टाकावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, आमच्या चौथीतल्या मुली ढब्बू पैशाचा काढतात तसा. बघ आणि काय ते कळव.

पण खरं सांगू? मला त्या ठशाशी काही कर्तव्य नाही. चंपाषष्ठीला तू घरी यायला हवास. आण्णा थकलेत रे. नाण्यासाठी म्हणून ये, त्या रोमच्या राजासाठी म्हणून ये, पण ये.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर धाड. आपली पत्रं चालू आहेत हे आण्णांना ठाऊक नाही.

तुझी गोजाक्का


सोलापूर, आश्विन वद्य १३

चिरंजीव पंडित धुळाप्पा यांस,

तीन पानी पत्र पोचलं. तीन पानांत आण्णांचं नाव नाही. 'सदर नाणे' मात्र ओळीओळीला आहे. सदर नाण्याचा व्यास काय, सदर नाण्याची कड गुळगुळीत की ओबडधोबड, सदर नाण्यावरील मुख कोणत्या दिशेस. बहीण कोणत्या दिशेस आहे, जेवली का, खोकला गेला का, हे विचारायला चौथं पान लागलं असतं वाटतं.

तरी उत्तरं देते, कारण मला तुझ्यासारखं रुसून बसता येत नाही.

आण्णा मागावर बसले की मी टाक काढते, भंडारा पुसते, बघून घेते आणि परत ठेवते. आकारानं म्हणशील तर जुन्या पैशापेक्षा लहान, आणि अगदी गोल नाही, भाकरी थापताना एका बाजूला हात जास्त पडावा तसा. कड ओबडधोबड. मुखवट्याची बाजू म्हणजे आपल्या म्हाळसाबाईची. ती उजवीकडं बघते. तुला आठवत असेल, खंडोबाच्या षड्रात्राचे पाच दिवस मल्हारीची बाजू वर आणि सहाव्या दिवशी, चंपाषष्ठीला, उलटून म्हाळसाबाई वर, असं आपल्या घरी चालत आलंय. तू विचारतोस डोक्यावर काय आहे, किरणांचा मुकुट की पानांचा. दोन्ही नाही. मण्यांची पट्टी आहे, आणि मानेमागं तिची दोन टोकं लोंबताहेत. लहानपणी मला तो वेणीचा गोंडाच वाटायचा. तोंडावर दाढी नाही, मिशी नाही. मग बाई नव्हे तर कोण?

दुसऱ्या बाजूला घोडा. त्यानं पुढचे पाय मुडपलेत. देवाला उतरता यावं म्हणून घोडा बसतोय, असं आण्णा आपल्याला सांगायचे. घोड्यावरचा मल्हारी झिजलाय, पण तिरपा उजेड पडला की दिसतो, मागं वळून एक हात वर करतोय. त्याच्या अंगावर धावून आलेला दुसरा एकजण उभा आहे, तो मणी राक्षस.

अक्षरं तू म्हणालास म्हणून शोधली. मल्हारीच्या बाजूला डावीकडं एफ, ई आणि मग घासलेलं. घोड्याच्या वरच्या अंगाला टी, ई, एम, पी. म्हाळसाबाईच्या नाकापुढं टी, आय, व्ही, एस. व्ही आणि एस जोडून शब्द कसा संपेल? माझ्या वर्गातल्या पोरीनं असं लिहिलं असतं तर पाटीवर फुली मारली असती.

आणि हो, 'चिंचेने अजिबात घासू नये' हे तू खाली दोन रेघा मारून लिहिलं आहेस. अरे बाबा, पणजोबांना मेंढरं चारताना बोरी नदीच्या काठी हा देव सापडला, तेव्हापासून दर दसऱ्याला तो चिंचेनंच घासला जातोय. यंदाही मीच घासला. लखलखीत झाला होता, तू बघायला हवा होतास. तुझ्या त्या हिरव्या थराचं मोल आम्हाला कुणी सांगितलं होतं? हिरवं दिसलं की कळकलं म्हणायचं आणि घासायचं, एवढंच आम्हाला येतं.

येणार का, हे तू लिहिलंच नाहीस. मी पत्र उलटंसुद्धा करून बघितलं.

गोजाक्का


सोलापूर, कार्तिक शुद्ध ९

धुळा,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं, आणि नंतरच्या तासाला मी मुलींना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

म्हाळसाबाई म्हणजे कॉन्स्टँटियस नावाचा रोमचा राजा, सोळाशे वर्षांपूर्वीचा. ठीक आहे. मण्यांची पट्टी त्या काळच्या राजांचीच असायची, म्हणून मुकुटावरून काळ कळतो, हेही पटलं. ते लोक यूच्या जागी व्ही काढायचे हे वाचून तर मला जरा शहाणं झाल्यासारखं वाटलं. म्हाळसाबाई बाप्या निघाली म्हणून मी शिक्षकांच्या खोलीत एकटीच हसले. बाकीच्या बायका बघायला लागल्या.

पण पुढचं वाचून हसू गेलं. तू लिहितोस, 'उभा असलेला इसम रोमन सैनिक असून तो भाल्याने शत्रूस मारीत आहे. घोडेस्वार हा पराभूत आहे.' मी घरी येऊन टाक काढला आणि खिडकीशी धरून पुन्हा पाहिला. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेनाच. घोडा बसत नाहीये, कोसळतोय. वरचा उतरत नाहीये, पडतोय. हात वर केलाय तो आशीर्वादाला नव्हे, मारू नको म्हणून. आपण इतकी वर्षं ज्याला भंडारा लावला तो हरलेला, आणि ज्याला राक्षस म्हटलं तो जिंकलेला.

आणि भोवतीच्या त्या अक्षरांचा अर्थ म्हणे 'सुखाचे दिवस परत आले'. एक जण भाल्यानं मरतोय आणि भोवती हे लिहिलंय! कुणाचे परत आले रे?

तू लिहितोस, 'हे आता आण्णांस सांगावे.' का सांगावे? तू बरोबर होतास म्हणून? धुळा, तू बरोबरच होतास. मी त्या दिवशीही मनात म्हटलं होतं की हा पोरगा शिकलाय, खोटं बोलायचा नाही. पण बरोबर असून तू सात वर्षं खानावळीत जेवतोयस आणि आण्णा सात वर्षं अर्धी भाकरी ताटात ठेवून उठताहेत. आणखी किती बरोबर व्हायचंय तुला?

तुझी शेवटची ओळ वाचून तर माझं माथंच फिरलं. 'सदर नाणे आटवू न देता रजिस्टर पार्सलने पाठवावे, मी इकडून उत्तम चांदीचा टाक करून पाठवतो.' देवाची अदलाबदल कळवतोस, आणि स्वतः यायचं नाव नाही! पाठवणार नाही मी. आटला तर आटला. ज्याला हवाय त्यानं सोलापूरच्या स्टेशनावर उतरावं.

राग राहू दे. एक गंमत सांगते. गेल्या आठवड्यात आण्णा मागावरून हाक मारून मला विचारतात, "गोजे, मद्रासला थंडी कितपत असती गं?" मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, "एक गिऱ्हाईक इचारत हुतं." असं गिऱ्हाईक आपल्या दारात आलेलं मी तरी पाहिलं नाही. पण तेव्हापासून मागावर काळ्या लोकरीचं एक घोंगडं चढलंय आणि ते कुणाला हात लावू देत नाहीत. मद्रासला बारा महिने घामाच्या धारा लागतात असं तूच लिहिलं होतंस. मी ते त्यांना सांगितलं नाही.

तुझी अक्का


सोलापूर, कार्तिक वद्य ९

माझ्या धुळा,

बस आणि मग वाच.

आज सकाळी आम्ही सोनाराकडं गेलो. आण्णा, गुंडाकाका आणि मी. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, मीच चपला घातल्या. सोनारानं शेगडी पेटवलेली, मूस तापत ठेवलेली. काकांनी चांदी दिली. आण्णांनी कनवटीचा टाक काढला आणि मुठीतच धरून ठेवला. सोनार म्हणाला, "बिरप्पा, द्या की." आण्णा त्याच्याकडं न बघता मला म्हणाले,

"गोजे, त्यो काय म्हंतो?"

मी म्हटलं, "कोण?"

"कोण म्हंजी? ज्याला तू कागद धाडतीस त्यो. रोज मी देवाला भंडारा लावतो आणि रोज सांजंला देव पुसल्याला. कोण पुसतंय, उंदीर?"

मेले मी! काका माझ्याकडं बघायला लागले, सोनार बघायला लागला. लपवायला आता काही उरलं नव्हतं, आणि खोटं बोलून तरी काय करायचं होतं? मी सगळं सांगून टाकलं. राजाचं नाव सांगताना माझी जीभ दोनदा अडखळली. म्हाळसाबाई राजा आहे म्हटल्यावर आण्णा चक्क हसले. "तरीच," म्हणाले, "बाईचं नाक येवढं कसं, म्हणून मी बारका हुतो तवा आज्याला इचारल्यालं." मग मी घोड्यावर आले, आणि थांबले.

"बोल की," आण्णा म्हणाले.

तुला मी आजवर लिहिलं नाही. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दिसतं ते सावलीसारखं. मी त्यांचं बोट धरून टाकावर फिरवलं. म्हटलं, आण्णा, हा घोडा, कोसळलेला. हा वरचा, पडतोय. आणि हा उभा, याच्या हातात भाला आहे. घोड्यावरचा मल्हारी नव्हे. घोड्यावरचा हरलाय.

सोनारानं भाता थांबवला. काकांनी कपाळाला हात लावला, "अरं द्येवा! म्हंजी बापजाद्यापासनं आमी पडल्याल्याला पुजला?"

आण्णा किती तरी वेळ बोट फिरवत राहिले. मला वाटलं आता उठतील, टाक भिरकावतील, नाहीतर माझ्यावर ओरडतील. पण ते काकांकडं वळले आणि अगदी सावकाश बोलले. "गुंडा, पडला त्यो मणीच की रं. मणी हरला, हात जोडून घोडा देवाला दिला, आणि देवानं त्याला शेजारी जागा दिली. जेजुरीत मणीला निवद दावत न्हाईत व्हय? मग आमी त्याला भंडारा लावला तर काय बिघडलं?"

मग आण्णा म्हणाले, "वैऱ्याला शेजारी बसवलं देवानं. म्या पोटच्या पोराला सात वरसं बसवलं न्हाय."

धुळा, त्यांचा आवाज फुटला. सोनाराच्या दुकानात, शेगडीसमोर, परक्या माणसांदेखत आण्णा रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते. मी त्यांच्या खांद्याला डोकं लावून रडले, लाज वाटली नाही. काका उगाच शेगडीच्या धुराला शिव्या देत डोळे पुसत होते.

सोनारानं विचारलं, "मग आटवायचा का न्हाय?"

आण्णांनी टाक परत कनवटीला लावला आणि मला विचारलं, "मद्रासची मेल कवा असती गं?"

मी म्हटलं, आण्णा, तुम्ही कशाला? मी लिहिते की त्याला. तुम्ही बोलावलं म्हटल्यावर तो धावत येईल. तर म्हणाले, "बोलीवलं तर त्यो ईल, न्हाईतर न्हाय ईल. मीच जाऊन दारात हुबा ऱ्हायलो तर काय दार लावल व्हय?" वाटेत काकांनी देव रेल्वेनं न्यायचा नसतो म्हणून पुष्कळ कुरकूर केली. आण्णा म्हणाले, "मणीचा घोडा असाबी पडलाय. बसंल गाडीत."

घरी येऊन आता हे लिहिते आहे.

तुझी
गोजाक्का


सोलापूर, कार्तिक वद्य १०

धुळा,

घाईत लिहिते, टपालाची पेटी उघडायची वेळ झाली. हे पत्र आजच्या मेलनं निघेल, आण्णा उद्याच्या. तारही करते, पण तारेत सगळं मावत नाही.

मी सोबत येणार होते, पण शाळेची परीक्षा आहे आणि हेडमास्तरीण रजा देईना. तिच्याशी भांडण झालं ते पुन्हा कधी सांगेन. शेजारचे नरसय्या सुताच्या कामासाठी मद्रासला निघालेत, त्यांच्या शेजारी बसवते. त्यांना तेलुगू येतं, आण्णांना कानडी येतं, दोघांचं मराठीत चालतं. वाटेत उपाशी राहणार नाहीत. भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटी बांधून देते. तिथं गेल्यावर नुसता भात वाढू नकोस, त्यांचं पोट भरत नाही आणि ते सांगत नाहीत.

षड्रात्र तुझ्याकडंच बसवायचं ठरलं आहे. भंडाऱ्याची पिशवी त्यांच्यापाशी आहे. चंपाषष्ठीला तळी उचलायला पाच माणसं लागतील. आण्णा आणि तू दोन झालात. बाकीचे तुझ्या म्युझियमातले पंडित आण, कपाळाला हळद लावून घ्यायची तयारी असेल तर. येळकोट म्हणता आलं नाही तरी चालेल, ताम्हन नीट धरता आलं म्हणजे झालं. कुठली बाजू वर ठेवायची ते आण्णा सांगतील. तू त्यात बोलू नकोस.

नाण्याबद्दल विचारायचं असेल तर दोन दिवस दम धर. आधी त्यांना अंघोळीला गरम पाणी दे. मग जेवू घाल. मग ते आपण होऊन कनवटीचा देव काढतील, तेव्हा बघ. तुझं ते भिंग लावून बघ हवं तर. ते तुझ्या हातात देतील, मला माहीत आहे. पण देतील तेव्हाच घे.

मला राहून राहून भीती वाटते ती एकाच गोष्टीची. मद्रासचं स्टेशन केवढं मोठं असतं म्हणे. ते फलाटावर उतरतील आणि उभे राहतील. तुझा चेहरा त्यांना दिसायचा नाही, धुळा. तुझी मिशी, तुझा चष्मा, तुझा कोट, त्यांना काहीच दिसणार नाही. तू समोर येऊन मुका उभा राहिलास तर ते तुला धक्का लागला म्हणून बाजूला सरकतील. वाकून पायाला हात लावलास तर हमाल समजतील. म्हणून लाजू नकोस, आजूबाजूला साहेब असले तरी असू देत. गाडी थांबायच्या आधीपासून मोठ्यानं हाक मारत राहा, 'आण्णा' म्हणून.

गोजाक्का